सोनेरी कुलूप

“...मग कुलपात वाईट काय आहे, ते तरी सांगाल का?”

 गफूरबाबांच्या हातात एक गंजकं कुलूप होतं. ते कानशीनं घासत होते.

“बाबा, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकतोय,” बाबा म्हणाले. कानस काही थांबली नाही.

विचारणारा होता ऋत्विज साने. पुण्याचा. मोबाइलच्या पडद्यावर कुठं काय दिसावं, कुठलं बटण कसं असावं, हे ठरवणं हा त्याचा धंदा. त्यात त्याला बक्षीसही मिळालंय. ते त्यानं गाडीत दोनदा सांगितलं, म्हणून मलाही पाठ झालं.

मी अनसूया. घरात मार खाणाऱ्या बायांसाठी आमची संस्था हेल्पलाइन चालवते. तिचं मोबाइल ॲप या ऋत्विजनं बनवलंय. नाव ‘उंबरा’. ॲप उघडलं की पहिल्याच पानावर भलंमोठं कुलूप दिसतं. सोनेरी, बंद. त्या कुलपावर बोट ठेवलं की फोन आमच्याकडं लागतो.

ते कुलूप काढा, म्हणून दोन महिने मी त्याच्या मागं लागले होते. ऐकेल तर शपथ! आमच्या तालुक्यात चालू असलेलं ॲप येत्या सोमवारी अकरा तालुक्यांत जाणार होतं, कुलपासकट. शेवटच्या बैठकीत तर तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, “ताई, कुलपातलं कळणारा एक माणूस आणा. कुलूप म्हणजे सुरक्षित नाही असं तो म्हणाला ना, तर त्याच दिवशी काढून टाकतो.”

सगळे हसले. मी हसले नाही. म्हटलं, शब्द दिलाय ना? चला मग.

गफूरबाबांनी बाजारात बसून चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. आता बालाघाटाच्या उतारावर, पिंपळटाक्याच्या दर्ग्यापाशी राहतात. लोक त्यांना फकीर म्हणतात. ते स्वतःला काहीच म्हणत नाहीत. अजूनही कोणी बिघडलेलं कुलूप आणून दिलं तर घेऊन बसतात.

फाल्गुनाचं ऊन होतं. गाडी खाली ठेवून गावातून चढत आलो. अर्ध्या गावाला कुलपं. ऋत्विजनं वाटेत थांबून थांबून फोटो काढले. जुनी दारं, जुन्या कड्या, जुनी कुलपं.

“काय रंग आहेत हो ताई! पण माणसं कुठायत?”

“कोयत्यावर.”

“म्हणजे?”

“ऊस तोडायला. दिवाळी झाली की कुलूप लावून जातात. पाडव्याच्या आगेमागे येतात.”

“ओह,” तो म्हणाला, आणि आणखी एक फोटो काढला.

माझ्या मस्तकात तेव्हाच तिडीक गेली होती. पण चालत राहिले.

आता तो बाबांच्या पुढ्यात गोणपाटावर बसला होता. मोबाइल पुढं करून ते सोनेरी कुलूप दाखवत होता.

“बाबा, पडद्यावर खरं काही नसतं. नुसता उजेड असतो. माणसाला कळावं म्हणून आम्ही ओळखीची वस्तू दाखवतो. फेकायचं असेल तर कचऱ्याचा डबा. निरोप असेल तर पाकीट. याला रूपक म्हणायचं. रूपकाची एकच अट. ते ओळखीचं पाहिजे. आता सांगा, कुलूप कोणाच्या ओळखीचं नाही?”

“सगळ्यांच्या आहे.”

“झालं तर!” त्यानं माझ्याकडं पाहिलं. जिंकल्यासारखं.

“तिच्यासुद्धा ओळखीचं होतं,” बाबा म्हणाले. “म्हणून तर...”

“कोणाच्या?”

बाबांनी माझ्याकडं मान वळवली.

मी म्हणाले, “झुंबरच्या.”

“अच्छा, ती केस,” ऋत्विज म्हणाला.

केस!

मी त्याला काय काय ऐकवणार होते. पण बाबांनी हात वर केला.

“केस म्हणजे?”

“बाबा, एका बाईचा गैरसमज झाला. ताईंनी मला त्याचा रिपोर्ट पाठवला होता. वाईट झालं, मला मान्य आहे. पण एका केसवरून डिझाइन बदलत नसतात.”

“नाव काय तिचं?”

“आत्ताच ताईंनी सांगितलं ना.”

“त्याआधी?”

“रिपोर्टमध्ये नाव नसतं, बाबा. गोपनीय असतं ते.”

“हं.” बाबांनी कुलूप कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी सुटं वाजलं. “हात कुठला मोडला?”

“...अं?”

“हात. तिचा. कुठला?”

ऋत्विजनं माझ्याकडं पाहिलं.

“उजवा,” मी म्हणाले. “कोपरात एकदा, मनगटात एकदा.”

झालं होतं ते असं. झुंबरला माणिकवाडीला दिलेली. नवरा दारूशिवायसुद्धा मारायचा. बायांच्या गटाच्या बैठकीत मीच तिला सांगितलं होतं, काही झालं तर ‘उंबरा’ उघड, आम्ही बसलेल्याच असतो. एका दुपारी नवरा बाजाराला गेला. तिनं जावेचा फोन घेतला, न्हाणीच्या आडोशाला गेली. ॲप उघडलं. समोर कुलूप.

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘तुमचं बोलणं पूर्णपणे सुरक्षित आहे.’ झुंबर अक्षर लावून लावून वाचते. तेवढा वेळ कुठला? तिनं कुलूप पाहिलं, फोन जावेला देऊन टाकला.

आठ दिवसांनी सरकारी दवाखान्यात मला भेटली. मी विचारलं, अगं फोन का नाही केलास?

तर मलाच म्हणाली, “केला की ताई. तुमच्या दाराला कुलूप होतं. म्हटलं, गेल्या असतील कुठं. आता काय पाडव्याशिवाय येत नाहीत.”

मी कुठं गेले होते? मी आतच होते! दुपारचे तीन. फोन समोर, खुर्चीत पाय वर घेऊन भाजलेल्या शेंगा खात बसले होते. त्या दिवशी एकही फोन आला नाही, म्हणून बरं वाटलं होतं मला. या गोष्टीचा मला अजून इतका राग येतो, की शेंगा समोर आल्या तरी बाजूला सारते.

हे सगळं मी बाबांसमोर परत बोलले. आवाज चढला असेल. चढू दे.

ऋत्विज शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचा राग मी समजू शकतो.”

“समजू नका. कुलूप काढा!”

“मी हे चाळीस जणांना दाखवून तपासलंय. चाळीसपैकी अडतीस जण म्हणाले, कुलूप पाहून सुरक्षित वाटतं.”

“कुठले चाळीस?”

“पुण्यातले.”

“त्यातले कोयत्यावर किती जातात?”

“ताई, आता तुम्ही टोमणे मारताय.”

“मारतेच आहे!”

बाबांनी कानस गोणपाटावर आपटली. 

“याचं ऐकू दे मला,” बाबा म्हणाले. “बोल बेटा.”

ऋत्विजनं मोबाइल मांडीवर ठेवला. मग मात्र मनापासून बोलला, हे मी नाकारत नाही.

“बाबा, या बायांना भीती असते. आपण बोललो ते कोणी ऐकेल. सासरी कळेल. म्हणून कुलूप ठेवलं मी. बाई, तुझं बोलणं इथं कुलपात आहे, बाहेर जाणार नाही. एवढंच सांगायचं होतं मला. माझा हेतू वाईट होता का?”

“नव्हता.”

“मग?”

“ती भीती बोलल्यानंतरची. आधी बोलायला तर लागली पाहिजे.”

“पण कुलूप म्हणजे...”

“कुलूप लावतो कोण?”

“घरमालक.”

“कधी?”

“सुरक्षित राहावं म्हणून.”

“मी का म्हणून नाही विचारलं. कधी, म्हणून विचारलं.”

ऋत्विज वैतागला. “बाबा, हे शब्दांचे खेळ झाले. मला सरळ सांगा. कुलूप म्हणजे सुरक्षित, हो की नाही?”

बाबांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

मग म्हणाले, “ऊन फार आहे. तहान लागली असेल.”

“लागलीय,” तो म्हणाला. ओठ सुकले होते त्याचे. पुण्याहून आणलेली बाटली त्यानं गावातच संपवली होती.

“त्या पिंपळामागं माझी खोली आहे. आत माठ आहे, गार पाणी आहे. जा, पिऊन ये. हिलाही आण.”

तो उठला, पँट झटकली, पिंपळामागं गेला.

मी बाबांना म्हटलं, “पाणी काय पाजताय त्याला? त्यानं तुम्हालाच उलटं विचारलं.”

बाबांनी कुलपात फुंकर मारली. गंजाचा भुगा उडाला.

तेवढ्यात ऋत्विज परत. गेला तसाच, रिकाम्या हातांनी.

“बाबा, खोलीला कुलूप आहे.”

“मग?”

“मग काय? किल्ली द्या ना.”

“माझ्याकडं नाही. पाणी आत आहे. तुला तहान लागलीय. तू परत का आलास?”

“अहो, कुलूप आहे दाराला!”

“म्हणजे तुझ्या मते पाणी सुरक्षित आहे.”

“बाबा...”

“सांग की. का परत आलास?”

“कुलूप आहे म्हणजे आत कोणी नाही. आत कोणी नाही म्हटल्यावर तिथं थांबून काय करू?”

“हाक मारलीस?”

ऋत्विज हसला. कीव आल्यासारखा हसला. “कुलूप लावलेल्या घराला कोण हाक मारतं, बाबा?”



 माझ्या अंगावर काटा आला होता.

ऋत्विजचं हसू तसंच होतं. मग ते हळूहळू गेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. पडदा केव्हाच काळा झाला होता.

“थांबा,” तो म्हणाला. “ते वेगळं आहे. ते... दाराचं वेगळं असतं...”

बाबांनी मान वळवून जोरात हाक मारली. एवढ्या म्हाताऱ्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

“झुंबर!”

पिंपळामागून आवाज आला. “जी बाबा!”

“कुठं आहेस?”

“आतच की!”

मी ताडकन उठले. खरं सांगते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पिंपळटाका झुंबरचं माहेर. दवाखान्यातून ती आईकडंच आलेली. आई दर्ग्याचं आवार झाडते, झुंबर तिच्यासोबत असते. मी त्या माणसाला घेऊन येतेय, एवढा निरोप मी तिच्याच हाती बाबांना धाडला होता. पुढचं या दोघांनी ठरवलेलं.

आम्ही पिंपळाला वळसा घालून गेलो. एका खणाची खोली. दाराला कडी, कडीला कुलूप. लोखंडी, चांगलं मुठीएवढं, नीट लागलेलं.

“ती आत आहे?” ऋत्विज म्हणाला. “बाईला कोंडून ठेवलंय तुम्ही?”

“कोंडायला काय झालं?” आतून झुंबरच म्हणाली. “मागं दार हाय. कुलूप म्याच लावलं भाईरून आन मागनं आत आले. तुमी येऊन गेलात ते दिसलं की मला फटीतून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी कुटं हाक मारली?”

ऋत्विजचा चेहरा लाल झाला. “हे फसवणं झालं, बाबा. तुम्ही मला मुद्दाम फसवलंत.”

आणि तेव्हा बाबा चिडले. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. चिडलेले त्या दिवशी पाहिले.

“कोणी फसवलं?”  त्यांनी दारावरचं कुलूप धरून खडाखडा वाजवलं. “हे खोटं आहे? आतलं पाणी खोटं आहे? आतली पोर खोटी आहे? सगळं खरं आहे. तुझी तहानसुद्धा खरी आहे. आम्ही एक कुलूप लावलं तर तू पाण्यापासून परत गेलास, आणि म्हणतोस फसवलं. तू तर मरणाच्या दारातून आलेल्या बाईपुढं लावलंस! सोन्याचं लावलंस! आणि वर म्हणतोस, केस!”

ऋत्विज दोन पावलं मागं सरला.

मला वाटलं होतं, त्याचं तोंड असं उतरलेलं पाहिलं की मला बरं वाटेल. वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तेवढंच नाही वाटलं. ॲप आलं तेव्हा ते कुलूप मीही पाहिलं होतं. सोनेरी आहे, छान आहे म्हणाले होते. गटाच्या बैठका तेव्हा आठ महिने चालल्या होत्या, आणि आमच्यातल्या एकीनंही ते पान झुंबरला आधी दाखवलं नव्हतं.

झुंबर मागच्या दारानं बाहेर पडून पुढं आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पदराच्या टोकाला किल्ली बांधलेली. डाव्या हातानं आणि दातांनी तिनं गाठ सोडायला घेतली.

गाठ लवकर सुटेना. ऋत्विज पुढं झाला.

“मी करतो.”

“थांब,” बाबा म्हणाले. “बघ.”

तो थांबला. आम्ही तिघंही बघत राहिलो. गाठ सुटली. किल्ली खाली पडली. झुंबरनं वाकून उचलली. डाव्या हातानं ती कुलपात जाईना. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा गेली. कुलूप उघडलं. ते तिनं बाबांच्या हातात दिलं, दार ढकललं आणि आत गेली.

ऋत्विजनं मोबाइल चालू केला. अंगठा त्या सोनेरी कुलपावर होता, पण दाबत नव्हता.

“काढतो,” तो म्हणाला. “शब्द दिलाय. आजच काढतो. सोमवारच्या आत सगळीकडून जाईल.”

त्यानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

“पण बाबा... त्या जागी काय ठेवू?”

बाबा बरोबर आणलेली कानस बाजूला ठेवून उंबऱ्याबाहेरच्या दगडावर टेकले. हातातलं कुलूप उलटसुलट करून पाहू लागले.

“चावी ठेवू? उघडं कुलूप? की नुसतं दार?”

बाबा कुलूप अंगठ्यानं पुसत राहिले.

“ढाल ठेवतात कोणी कोणी. दोन हातांचं चित्रही ठेवतात. बाबा, मी खरंच विचारतोय आता. मला कळत नाहीये.”

बाबांनी कुलूप कानाशी नेलं, हलवलं, खाली ठेवलं.

आत झुंबरनं माठावरचं झाकण काढलं. लोटा बुडवला. पाण्याचा आवाज आला. ऋत्विजचं लक्ष तिकडं गेलं. घसा इतका कोरडा होता की त्याचं गिळणं मला ऐकू आलं.

झुंबर भरलेला लोटा घेऊन माठापाशी उभी राहिली. त्याच्याकडं बघत. रागानं बघत होती की नुसतीच, मला सांगता यायचं नाही. दार सताड उघडं. मधे काही नाही. चार पावलांवर पाणी.

ऋत्विजनं बूट काढले. उंबऱ्याशी गेला. आणि तिथंच उभा राहिला.

एक मिनिट गेलं... दोन गेली.

“काय झालं?” बाबा म्हणाले.

“काही नाही.”

“दार उघडलंय ना?”

“हो.”

“कुलूप माझ्याकडं आहे.”

“हो, बाबा.”

“तहान गेली?”

“नाही.”

“मग आत जात का नाहीस?”

ऋत्विजनं खाली मान घातली. बारीक आवाजात म्हणाला, “त्या अजून ‘या’ म्हणाल्या नाहीत.”

बाबांनी कानस उचलली.

“मग कुलपाच्या जागी तेच ठेव.”